कुठं-मॅडम

आमच्या मॅडम ‘काय’ आणि ‘का’ असं सहसा विचारायच्याच नाहीत. त्यांचा एकच प्रश्न असायचा: कुठं? एखाद्याने हृदय कसं चालतं ते घडाघडा सांगितलं, की त्या सगळं ऐकून घ्यायच्या, मान हलवायच्या आणि म्हणायच्या, “बरोबर. पण हे होतं कुठं? बोट ठेव.” समोर तक्ता लटकलेला असायचा. बोट हवेत फिरत राहायचं आणि पाठ केलेलं सगळं तिथल्या तिथे गळून पडायचं. पोट दुखतंय म्हणून कुणी सुट्टी मागायला गेलं तरी तोच प्रश्न. डावीकडे की उजवीकडे, बेंबीच्या वर की खाली, हे ठरवता ठरवता निम्म्यांचं पोट दुखायचं थांबायचं. शेवगावकडच्या ज्या कॉलेजात त्या प्राणीशास्त्र शिकवायच्या, तिथे त्यांचं खरं नाव वेळापत्रकावर होतं. आमच्या तोंडी मात्र त्या कुठं-मॅडमच होत्या.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठेही सांगते आणि सांगताना आवाज खाली आणत नाही. आई-वडील दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला जायचे आणि मी आत्याकडे राहून शिकायची. बीएस्सीचा निकाल लागला त्या दिवशी मी धावत मॅडमकडे गेले.

“मॅडम, मी ग्रॅज्युएट झाले.”

“कुठं ठेवलीस?”

“काय?”

“डिग्री. कागद म्हणत नाही मी.”

मी छातीवर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तिथं नको,” म्हणाल्या, “तिथं ती फुगते.”

दुसऱ्यांना कुठं-कुठं विचारणाऱ्या या बाईंना स्वतःच्या वस्तू मात्र कधी सापडायच्या नाहीत. चष्मा बेडकांच्या बरणीमागे, डबा ग्रंथालयात, खडू केसांत. एकदा त्या स्कूटी एसटी स्टँडावर लावून भाजी घ्यायला गेल्या आणि भाजी घेऊन चालत खोलीवर आल्या. दुसऱ्या दिवशी स्कूटी चोरीला गेली म्हणून सगळ्या स्टाफने शोधाशोध केली. ती स्टँडावर जशीच्या तशी उभी होती, हँडलला कालची रिकामी पिशवी. “कुठं सापडली?” असं त्यांनी विचारल्यावर शिपाईमामा म्हणाले, “तुमी ठेवली तिथंच, मॅडम. गाडीला काय पाय हायेत का.” त्या स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या.

त्या मूळच्या नेवाशाच्या बाजूच्या, प्रवरेकाठच्या. शिक्षण भरपूर, पण कॉलेजात कायम नव्हत्या. तासिकेवर होत्या. म्हणजे वर्ष संपलं की नेमणूक संपली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच खुर्चीवर बसून आपण कोण ते सांगायचं. बाहेरून कुणीही येऊन ते तास नेऊ शकत होतं. दर जूनमध्ये त्यांच्या चेहऱ्यावर आमच्यासारखाच परीक्षेचा भाव यायचा. “तुम्ही तरी पास झालात की सुटता,” त्या म्हणायच्या. “मला दरवर्षी पहिलीपासून.”

त्यांचा सगळ्यांत आवडता धडा मज्जातंतूचा. आणि आम्हाला सगळ्यांत न कळणारा. पेशीच्या पातळ पडद्यात सोडियमची चॅनेल, म्हणजे दारं, असतात, पोटॅशियमची असतात, शिवाय पंप असतात, इथपर्यंत ठीक. पण कुठं असतात म्हटलं की वर्ग खाली बघायचा. एके दिवशी त्या रसवंतीवरून एक अख्खा ऊस घेऊन आल्या. टेबलावर आडवा ठेवला आणि विचारलं, “उसातलं कुणाला कळतं?” पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ऊसतोड्याची पोरगी म्हणून हात वर करायला तेव्हा मलाही जड गेलं, पण केला. “ये पुढं,” म्हणाल्या. “पेर कुठं, कांडी कुठं, दाखव यांना.” मी दाखवलं. जाड गाठ ती पेर, दोन पेरांमधला लांब तुकडा ती कांडी. त्या दिवशी मी पहिल्यांदा टेबलाच्या त्यांच्या बाजूला उभी राहिले.

मग त्यांनी प्रत्येक कांडीवर जुन्या साडीच्या चिंध्या घट्ट गुंडाळल्या आणि पेर तेवढी उघडी ठेवली. “ही झाली नस. चिंधी म्हणजे मायलिन, नसेवरचं आवरण. पेर म्हणजे नोड.” लाल टाचण्या म्हणजे सोडियमची दारं. ती त्यांनी पेरेवर दाटीने टोचली. निळ्या म्हणजे पोटॅशियमची. त्यातल्या बऱ्याचशा पेरेच्या शेजारी, चिंधीची कड उचलून तिच्या खाली लपवल्या. “निरोप कांडीवरून सरपटत जात नाही. या पेरेवरून त्या पेरेवर उडी मारतो. कारण दारं तिथंच आहेत.” एवढं आम्हाला कळलं. मग त्यांनी मुठीतल्या पांढऱ्या टाचण्या दाखवल्या. “आता हे पंप. यांना कुठं ठेवू?”

सगळा वर्ग एका सुरात बोलला: “बुडख्याला.” उसाच्या खालच्या टोकाला. आमच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. विहीर एका टोकाला, मोटार तिथंच, आणि तिच्या जोरावर पाणी सगळ्या रानाला. नसेतला निरोपही असाच कुणीतरी मागून ढकलत असणार. एकाने तर वर हेही विचारलं, की लांब नस असेल तर जास्त पॉवरचा पंप लागत असेल ना. मॅडमनी हसून डोळे पुसले आणि टेबलावर बसकण मारली.

“अरे, पंप निरोप नेतच नाही. लग्नघराचं दार उघडलं की वऱ्हाड आत घुसतं, तो निरोप. ते दाराचं काम. मांडव मोकळा झाल्यावर सतरंज्या झटकणारी, पातेली घासणारी माणसं असतात ना, ते पंप. तीन सोडियम बाहेर काढायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे. दिवसभर हेच. घर परत पहिल्यासारखं लावून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी दार उघडलं तर कुणी आत घुसेल.”

“मग ही माणसं बसतात कुठं?” या वेळी मी विचारलं.

मॅडमनी मूठ मिटली. “इथं पुस्तकं भांडतायत. एक म्हणतं पेरेवर, दारांच्या जवळ. दुसरं म्हणतं छे, चिंधीखाली सगळ्या कांडीभर. दोघांकडं पुरावा आहे. मला नक्की माहीत नाही. लिहून घ्या.” आम्ही पेन धरून बसलो. काय लिहायचं कळेना. “लिहा की,” त्या म्हणाल्या. “नक्की माहीत नाही.” शिक्षक असं वाक्य उतरवून देतो, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. मागून कुणीतरी विचारलं, “पण परीक्षेत काय लिहायचं?” त्या उसाकडे बघत राहिल्या. “ते मला विचारू नका,” एवढंच म्हणाल्या. मधल्या सुट्टीत वर्गाने टाचण्या काढून मज्जातंतू खाऊन टाकला.

मी पुढे नगरला जाऊन एमएस्सी केली आणि घरी परत आले. गेल्या हिवाळ्यात मॅडमच्या हातातून खडू पडायला लागला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण वस्तू पडणं आणि हरवणं त्यांच्या बाबतीत रोजचं होतं. मग तळपायांना मुंग्या, मग जिन्यावर पाय अडखळला, आणि एका सकाळी त्यांना खोलीतल्या खोलीत उभंच राहता येईना. भावाने नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीबीएस सांगितलं. शरीराची राखण करणारी शिबंदीच वाट चुकते आणि आपल्याच नसांवर तुटून पडते, असा तो आजार. गोष्ट कुणीतरी मुद्दाम जुळवून आणल्यासारखी वाटेल, पण मी काय करू. नसा शिकवणाऱ्या बाईंच्या नसाच गेल्या.

आई आता ऊसतोडीला जात नव्हती, तिला घेऊन मी भेटायला गेले. मॅडम उशांना टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवलेले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. डॉक्टर आले तेव्हा त्यांनी विचारलं, “मार कुठं बसलाय, डॉक्टर? आवरणावर की नोडवर?” डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फाइलकडे. “मॅडम, तुम्ही आराम करा.” ते गेल्यावर त्या म्हणाल्या, “बघ. बोट ठेवायला नको यांना.”

आई पलंगाजवळ बसली. “बाई, पाय कुठं दुखत्यात?”

“दुखत नाहीत हो. आहेत की नाहीत तेच कळत नाही.”

“बरं व्हईल ना पर?”

“होईल म्हणतात. चिंध्या परत गुंडाळल्या जातात.” आईला काही कळलं नाही, तरी मॅडम सांगत राहिल्या, बहुतेक स्वतःलाच. आवरण गेलं की सोडियमची दारं आपली जागा सोडून नसेभर पांगतात. नवं आवरण चढतं तेव्हा ती पुन्हा गोळा होतात, पण जुन्या जागीच होतील असं नाही. नव्या पेरा पडतात. कांड्या आखूड येतात.

“आखूड कांडीचा ऊस लई वंगाळ,” आई म्हणाली. “मोळी भरता भरत न्हाई.” मी तिला कोपराने ढोसलं. मॅडम मात्र हसल्या. दवाखान्यात त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला बोलावलं. मॅडमचे तास रिकामे पडले होते, मुलांचं नुकसान होत होतं, वर्ष संपेपर्यंत मी घ्यावेत. मी मॅडमना फोन केला. मग त्या म्हणाल्या, “घे की. दुसरं कुणी घेण्यापेक्षा तू घे.” आवाजावरून त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला सांगता येणार नाही. मी तास घेतले. चांगले घेतले. मुलं माझ्या तासाला बसायची आणि मला ते काम फार आवडायला लागलं. रविवारी मी नेवाशाकडे त्यांच्या भावाच्या घरी जायची. तिथे त्या अंगणात भिंत धरून चालायचा सराव करायच्या. एक पाऊल वाढलं की मला मनापासून आनंद व्हायचा, आणि परतीच्या एसटीत बसल्यावर वाटायचं, या जूनपर्यंत बऱ्या झाल्या तर माझं काय? दोन्ही खरं होतं. कोणतं जास्त खरं, ते मला ठरवता आलं नाही.

त्या झाल्या बऱ्या. पूर्ण नाही; उजवा पाय टेकायचा, डावा मागून ओढावा लागायचा, बोटांना बटण समजायचं नाही. पण मुलाखतीच्या दिवशी काठी टेकत कॉलेजात आल्या. तास एकाच माणसाचे होते आणि बाकावर आम्ही दोघी. मुलाखती वरच्या मजल्यावर, आणि लिफ्ट नव्हती. त्या माझ्या कितीतरी आधी येऊन जिना चढून बसल्या होत्या, दम लागलेला कुणाला दिसू नये म्हणून.

माझं नाव आधी पुकारलं. आत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी विचारलं, “मायलिन असलेल्या नसेत सोडियम-पोटॅशियम पंप कुठे असतो?” मला इतका आनंद झाला की लपवता येईना. हा तर माझाच प्रश्न. मी सांगितलं, सोडियमच्या चॅनेलबद्दल वाद नाही, ती नोडवर दाटलेली असतात. पोटॅशियमची बरीचशी शेजारी, मायलिनच्या कडेखाली. पंपांबद्दल मात्र पुस्तकांचं एकमत नाही.

“मी पुस्तकांचं विचारलं नाही. तुमचं विचारलं.”

“नक्की माहीत नाही, सर.”

“नोडवर असतो,” ते म्हणाले. “मुलांनाही हाच गोंधळ शिकवता का?”

“हो,” मी म्हणाले. प्राचार्य वरच्या पंख्याकडे बघत होते.

बाहेर आले तेव्हा मॅडमनी विचारलं, “काय विचारलं?” मी सगळं सांगितलं. प्रश्न, माझं उत्तर, त्यांचं उत्तर, त्यांचा चेहरा. मला वाटलं, त्या म्हणतील शाबास. त्या खाली वाकल्या. त्यांच्या चपलेचा पट्टा सुटला होता आणि बोटांनी तो लागत नव्हता. मी खाली बसून लावून दिला. शिपाईमामांनी नाव पुकारलं आणि त्या आत गेल्या.

नंतर आम्ही खाली कँटीनमध्ये चहा घेतला. कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

“मलाही तोच विचारला,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“मी म्हणाले, नोडवर. फळ्यावर चित्र काढून बोट ठेवून दाखवलं.”

मी कप खाली ठेवला. “तुम्हीच शिकवलं होतं, मॅडम.”

“शिकवलं होतं. खरं होतं ते. अजून खरंच आहे.”

“मग असं कसं?”

“अगं, एवढा जिना चढून गेले होते.” त्यांनी चहावर फुंकर मारली. “तसंच रिकामं उतरणं मला जमलं नसतं.” मग त्यांनी विचारलं, “राग आला?”

“माहीत नाही.”

“कुठं आलाय ते तरी सांग.”

मी शोधून पाहिला. मला बोट ठेवता आलं नाही.

तास मॅडमना मिळाले. आईला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली.

“म्हंजी तू तिला पेपर सांगितला अन् तिनं तुझं काम नेलं?”

“तसं नाही आई. ते त्यांचंच काम होतं.”

“मग तू कशाला गेल्ती तिथं?”

“मलाही हवं होतं.”

“अन् खरं कुणाचं हुतं, तुझं का तिचं?”

“दोघींचं एकच होतं. आत जाऊन त्यांनी वेगळं सांगितलं.”

“शिकून लई अवघड झाली बाई तू,” आई म्हणाली आणि पुन्हा थापायला लागली.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी मॅडमचा फोन आला. “मनीषा, जिन्यापाशी येशील का? पहिल्या दिवशी शिपायाचा दंड धरून वर्गात जायचं नाही मला.” मी गेले. का गेले, ते आईने विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्यांनी काठी आणि पर्स माझ्याकडे दिली आणि कठडा धरला. उजवा पाय वर, मग डावा ओढून त्याच्या शेजारी. मधल्या वळणावर त्या दम घ्यायला थांबल्या, तेवढ्यात मी शिकवलेल्या काही मुली खालून आल्या. एकीने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही पण आलात परत?”

“नाही,” मी म्हणाले, “मी यांना सोडायला आलेय.”

मुली कडेने वर निघून गेल्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. वर पोचल्यावर त्यांनी पदर नीट केला, काठी घेतली, पर्स खांद्याला लावली आणि वर्गाच्या दाराकडे बघत म्हणाल्या, “जा आता.” आत बाकं सरकल्याचा आवाज झाला, वर्ग उभा राहिला असणार.

मी खाली उतरले. आता मी नेवाशाकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि त्या सकाळचा विचार अजून करते. मला राग होता, आनंद होता, की दोन्ही एकमेकांत मिसळून गेलं होतं, ते तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. एवढं मात्र सांगता येतं, की पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत माझा एक हात त्यांच्या पाठीमागे होता. टेकवलेला नव्हता. त्या पडल्या असत्या तर धरता आलं असतं, तेवढ्याच अंतरावर होता.